शंभर टक्के शांतता

ज्या सकाळी सुगंधा घरतच्या तळ्यातले सगळे मासे मेले, त्याच सकाळी कंपनीकडून तिच्या मोबाइलवर अभिनंदनाचा निरोप आला. 'आपल्या तळ्याने आज शंभर टक्के शांतता गाठली आहे. खारमाळ महिला गटाचे हार्दिक अभिनंदन.' खाली दोन फुगे आणि एक हसरा मासा.

तेव्हा सुगंधा कमरेइतक्या पाण्यात उभी होती. पाय टाकावा तिथे मासा लागत होता. दीड-दीड, दोन-दोन किलोचे चार हजार जिताडे तळाशी आडवे पडले होते, रांगेत, जिथल्या तिथे. एकानेही उडी मारलेली नव्हती की धडपड केलेली नव्हती. बांधावर उभ्या असलेल्या कुंदाने तो निरोप मोठ्याने वाचून दाखवला, आणि गटातल्या अकराही बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

निरोप खोटा नव्हता हो. मेलेला मासा काय गडबड करणार? माशांच्या हालचाली मोजून शांततेचा आकडा काढायचा, एवढंच पाण्यातल्या कॅमेऱ्याला शिकवलेलं होतं. दोन वर्षं तो आकडा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या पुढे जात नव्हता. आज गेला.

जिताडा हा ह्या खाडीपट्ट्यातला मानाचा मासा. पाहुण्याच्या ताटात पडला की पाहुणा वर्षभर नाव काढतो, आणि साहेबाच्या घरी पोचला की अडलेला कागद पुढे सरकतो, अशी त्याची ख्याती. पण स्वभावाने महा खट. लहानपणी तर स्वतःच्या भावंडांनाच गिळतो. म्हणून दर आठवड्याला पिल्लं जाळ्यात घेऊन हाताने निवडायची, मोठी एका तळ्यात, छोटी दुसऱ्या तळ्यात. तीस वर्षं हे काम सुगंधाने केलं होतं. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, मासा उसळला की तळहात फाटलाच म्हणून समजा. तिच्या दोन्ही हातांवर जुन्या चिरांची नुसती जाळी झाली होती. तिची सासू बारकीबाई सांगायची, "ज्यानं हात कापला तो मासा चांगला. गप पडून राहिला त्याला बाजूला काढ. त्याला कायतरी झालंय."

सासू गेली. सुगंधाचा नवरा बंदरात बार्जवर, महिन्यातून एकदा घरी यायचा. मुलगी तेजल मात्र शिकली, मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन कंपनीत लागली, आणि दोन हजार सदतीस साली तिनेच तो दिवा गावात आणला. पाण्यात सोडायचा, हातभर लांब, काचेचा. उजेड ना धड निळा ना धड हिरवा, मोरचुदाच्या खड्यासारखा. कंपनीने त्याचं नाव ठेवलं होतं शांतदिवा.

"आई, सूर्याचा उजेड पाण्यात शिरला की त्यातले रंग एकेक करून गळतात," तेजलने ओट्यावर बसून समजावलं होतं. "समुद्रात तांबडा आधी संपतो, निळा खोलवर जातो. म्हणून प्रत्येक जातीच्या माशाचं अंग वेगळ्या रंगाला सरावलेलं. एका रंगात तो भांडतो, दुसऱ्यात वाढतो, तिसऱ्यात खाणंच टाकतो. आणि तो नुसता डोळ्यांनी बघत नाही. त्याच्या कवटीचं हाड पातळ असतं, त्याच्या खाली तांदळाच्या कणीएवढी एक ग्रंथी असते, तिला थेट उजेड कळतो."

"बरं मग?"

"मग असं, की धोका दिसला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य सुटतं. माणसाच्या पण सुटतं. त्यानेच मासा बिथरतो, पळतो, चावतो. आपल्या दिव्याचा रंग आणि त्याची लुकलुक अशी जुळवलीय की जिताड्याच्या अंगात ते द्रव्य वाढतच नाही. भीती नाही, भांडण नाही, भावंडं गिळणं नाही. तुझी ती निवडणी बंद. हात बघ तुझे."

सुगंधाने हात बघितले. मुलीला आपल्या हातांची काळजी आहे हे ऐकून तिला बरं वाटलं होतं, हे खोटं का सांगा? तरी तिने विचारलंच, "आणि दुखलं तर? माशाला काय दुखलं-खुपलं तर कळंल कसं?"

तेजल हसली. "कॅमेरा आहे ना."

सूर्याचा उजेड दिव्यात मिसळू नये म्हणून कंपनीने तळ्यावर काळं छप्पर घातलं. करारात लिहून घेतलं की दिवा अष्टौप्रहर चालू राहील, आणि परवानगीशिवाय एकही मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. पहिलं वर्ष झकास गेलं. मासे गाईसारखे गरीब झाले. हातात घेतला तरी गप. सुगंधाच्या हातांवरच्या चिरा बुजल्या, आणि नात्यातल्या एका साखरपुड्याला जाताना तिने आयुष्यात पहिल्यांदा हातभर मेंदी काढली.

घोळ झाला तो संकष्टीमुळे, असं कंपनी म्हणते.

बारकीबाईची एक पद्धत होती. संकष्टीला घरात उपास असेल तर तळ्यालाही उपास. "आपण उपाशी बसायचं नि तळ्यानं जेवायचं, बरं दिसतं का ते?" असं म्हणून ती त्या दिवशी दाणा टाकायची नाही, नुसती बांधावर बसून पाणी बघायची. गाव हसायचं. पण दुसऱ्या दिवशी दाणा पडला की कोण झेपावतं आणि कोण मागे राहतं यावरून तिला दुखणाईत मासा नेमका कळायचा. सुगंधाने ती पद्धत सोडली नव्हती. दाणा आता कंपनीचं यंत्र टाकायचं, ते तिच्या हातात नव्हतं, दिवा मात्र होता. म्हणून तिसऱ्या प्रहरी ती छपराची एक झडप उघडायची, दिवा बंद करायची आणि अर्धा तास बसायची. माशांनीही देवाचं ऊन बघावं, एवढाच भाव.

आधी काही वावगं दिसत नव्हतं. पौष महिन्याच्या संकष्टीला मात्र दिवा विझला आणि चार-पाच मिनिटांत पाणी ढवळायला लागलं. जिताडे तळ्यात रोवलेल्या बांबूंना अंग घासत होते. एक नाही, दोन नाही, शेकड्यांनी. कल्ले भराभर उघडमीट करत होते. सुगंधाने एकाला धरून कल्ला उचलला. आत लालभडक हवं तिथे फिकट, चिकट, किड्यांनी भरलेलं. दिवा परत लावला तशी मिनिटाभरात सगळी मंडळी मूग गिळून गप्प, रांगेत पोहायला मोकळी. म्हणजे दुखणं होतंच. दिवा लागला की त्याची वाच्यता बंद, इतकंच. आणि कॅमेरा बघायचा तो दिव्याच्याच उजेडात.

ह्यावर औषध काय, तेही तिला ठाऊक होतं. कल्ल्यातला हा किडा खाऱ्या पाण्यातला, गोड्या पाण्यात तो तग धरत नाही. जिताडा दोन्ही पाण्यांत जगतो. टाकीत गोडं पाणी भरायचं, मासे थोडा वेळ त्यात ठेवायचे, असं आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. बारकीबाई असंच करायची. पण परवानगीशिवाय मासा बाहेर काढायचा नव्हता ना. तिने कंपनीच्या ॲपवर बोलून तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'आपला शांतता निर्देशांक ९७ आहे. तळे निरोगी आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे.'

माघात तेच. फाल्गुनात तेच. चैत्रात तिने चौथी तक्रार दिली आणि तेजलला फोनही लावला.

"आई, अठ्ठ्याण्णव आहे तुझा आकडा. अख्ख्या पट्ट्यात पहिला."

"आकडा घाल चुलीत. मी डोळ्यांनी बघितलं."

"तू दिवा बंद केलास? करार वाचलायस ना? हे बघ, आधी तू शांत हो."

सुगंधा शांत झाली. तेव्हाच तो करार खड्ड्यात घालून मासे गोड्या पाण्यात घ्यायला हवे होते, हे तिला नंतर रोज वाटायचं, आणि रोज स्वतःचा राग यायचा. वैशाखात पाणी तापलं, त्यातला प्राणवायू उतरला, सडलेल्या कल्ल्यांना तेवढा पुरला नाही. मासा गुदमरला की वर येऊन तोंड उघडतो, पाणी आत येतं त्या झरोक्याकडे धावतो, आणि बांधावरचा माणूस पंप चालू करतो. इथे कोणी वर आलं नाही. चार हजार जीव निमूटपणे गुदमरले आणि मोबाइलवर फुगे आले.

तिसऱ्या दिवशी कंपनीचे विभागप्रमुख सबनीस आले. मऊ आवाजाचा माणूस. ओटीवर मांडी घालून बसले, चहा घेतला, आणि कागद काढला.

"मावशी, आमच्याकडे नोंद आहे. गेल्या पाच महिन्यांत पाच वेळा दिवा बंद झाला. बरोबर संकष्टीच्या दिवशी. अचानक उजेड बदलला की माशाला धक्का बसतो. त्या धक्क्यांनी त्यांची प्रतिकारशक्ती गेली."

"आणि किडे? कल्ले बघितलेत तुम्ही?"

"मृत माशात काहीही सापडतं. मावशी, श्रद्धेचा आम्हाला आदर आहे. पण तळ्याला उपास ही अंधश्रद्धा झाली."

कुंदा दारात उभी होती, तिची तळपायाची आग मस्तकात गेली. सुगंधाने तिला हाताने थांबवलं. सबनीसांनी कागद पुढे सरकवला. दिवा आपण अजाणतेपणी बंद केला आणि त्यामुळे मासे गेले, एवढं सुगंधाने लिहून द्यायचं. मग कंपनी सरकारकडे शब्द टाकेल आणि खाडीकाठच्या सरकारी खाजणातलं ते तळं गटाकडेच राहील, नवी पिल्लंही मिळतील. नाही दिलं तर चौकशीत हलगर्जीपणा सिद्ध होईल आणि तळं दुसऱ्या गटाला जाईल. म्हणजे अकरा घरांच्या चुली ह्या एका सहीवर. "शिवाय तेजल आमच्याकडे चांगलं काम करतेय," सबनीस उठता उठता म्हणाले. त्याचा अर्थ न कळायला सुगंधा काही कुक्कुलं बाळ नव्हती.

त्याच संध्याकाळी तेजल आली. आल्या आल्या तिने मायलेकींचा चहा टाकला, आणि चहाबरोबर विषय.

"सही करून टाक, आई. तळं वाचेल. आणखी बावीस गावांत हेच दिवे आहेत. ते सगळे काय खोटे?"

"त्या गावांत संकष्टीला दिवा कोण बंद करतं?"

तेजलने चहा कपांत ओतला.

"मी चार तक्रारी दिल्या. कोण वाचतं त्या?"

"मशीन छाननी करतं. आकडा पंच्याण्णवच्या वर असेल तर तक्रार बंद करायची, असा नियम आहे. शेवटचं बटण माणूस दाबतो."

"कोण माणूस?"

तेजलने कप खाली ठेवला. "आमच्या पट्ट्याचं मीच दाबते."

"तळ्याचा नंबर बघितला होतास?"

"बघितला होता."

सुगंधाला वाटलं, ओरडावं. हिला शिकवायला हे हात तीस वर्षं कापून घेतले, आणि हिने आईचं बोलणं चार वेळा एका बोटाने पुसून टाकलं. तेही न ऐकता.

"ऐकलंस तरी का? मी बोलून पाठवलं होतं."

"नाही. आकडा बघितला फक्त." तेजलचा चेहरा उतरला होता. "आई, तू आता शांत हो ना. प्लीज."

"नाय होत. आणि दिवा विझल्यावर तो मासा तू एकदा तरी बघितलायस का? एकदा? मग मला शिकव."

तेजल त्याच पावली परत गेली. चहा तसाच राहिला.

चौकशी ठेवली होती कंपनीच्याच प्रात्यक्षिक केंद्रात. हॉल त्यांचा, खुर्च्या त्यांच्या, पाण्याच्या बाटल्या त्यांच्या, आणि म्हणे चौकशी निःपक्ष. सरकारकडून वाघमोडे नावाचे अधिकारी आले होते. थकलेला, सभ्य माणूस, पेन सतत हातात. हॉलच्या एका भिंतीला भलीमोठी काचेची टाकी होती. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला त्यात चाळीस जिताडे सोडलेले, सुगंधाच्या तळ्याला पिल्लं देणाऱ्या त्याच उबवणी केंद्रातले, पाणी त्याच खाडीचं. खिडक्यांना जाड पडदे, टाकीत तो मोरचुदी उजेड, आणि त्यात सगळे एका चालीने फिरत होते. डोळे तेवढे सोन्यासारखे चमकत होते.

सबनीसांनी पडद्यावर आलेख दाखवले. मग त्यांनी तेजलला दिवा बंद झाल्याच्या तारखा वाचायला सांगितलं. तेजल उभी राहिली. आईकडे न बघता तिने पाच तारखा वाचल्या. अकरा बायकांनी मान खाली घातली. सुगंधाने नाही घातली.

"ह्यांतल्या चार तारखांच्या खाली आणखी एकेक नोंद आहे," तेजल पुढे म्हणाली. "तळ्याच्या धारकाची तक्रार. मी त्या चारही काल रात्री पहिल्यांदा ऐकल्या."

"तेजल, तेवढं पुरे," सबनीस म्हणाले.

तिने मोबाइल टेबलावर ठेवला आणि सुगंधाचा आवाज हॉलमध्ये घुमला, "साहेब, मासा अंग घासतोय. कल्ल्याला किडा हाय. गोड्या पाण्यात घ्यायची परवानगी द्या. आताच घेतला तर सगळा वाचंल." एकदा, दोनदा, चारदा. चौथ्या वेळी त्या आवाजात रडू होतं. आपण रडलो होतो हे सुगंधाच्या लक्षातही नव्हतं.

वाघमोडेंनी घसा खाकरला. "ह्याला पुरावा काय, पण? कॅमेऱ्यात तर मासे व्यवस्थित दिसतात."

सुगंधा उठली आणि टाकीकडे गेली. "हे पण व्यवस्थित दिसतात, साहेब. अर्धा तास दिवा बंद करा आणि बघा. माझं खोटं निघालं तर मी आत्ता सही करते, तळं पण सोडते."

गटातल्या बायका हबकल्या. कुंदा तिच्या कानाशी लागली, "अगं, टाकी त्यांची, ते कशाला आजारी मासा ठेवतील?"

"त्यांना तरी कुठं ठाऊक हाय?" सुगंधा म्हणाली.

सबनीसांनी हात वर केले. "हा दिवा बसवल्यापासून एकदाही बंद केलेला नाही. नियमात बसत नाही ते. मावशी, तुम्ही भावनेच्या भरात आहात. कृपा करून शांत व्हा."

"शांत होते ते मेले, साहेब."

तेवढ्यात तेजल टाकीमागे वाकली आणि तिने वायर खेचली. मोरचुदी उजेड गेला. मग ती खिडकीपाशी गेली आणि पडदे एकेक करून बाजूला सारले. वैशाखातलं पांढरं ऊन थेट टाकीवर आलं.

पहिली दोन मिनिटं काहीच झालं नाही. मासे फिरतच होते. सबनीसांच्या ओठांवर बारीकसं हसू आलं. अकरा घरं सुगंधाने एका शब्दावर लावली होती.

मग एक मासा रांगेतून फुटला आणि पाण्याच्या नळीला अंग घासून गेला. त्याच्या मागे दुसरा. थोड्याच वेळात काचेवर ठक ठक आवाज यायला लागला. चाळीसच्या चाळीस जिताडे कुठे मिळेल तिथे कल्ले घासत होते, काचेवर खवले चिकटत होते. पाच-सहा वर येऊन तोंडं उघडून हवा गिळत होते. एक पालथा झाला, सावरला, पुन्हा पालथा झाला. हे सगळं त्यांना आत्ता होत नव्हतं. कधीपासून होत होतं, कोणास ठाऊक. सांगायची सोय आत्ता झाली होती.

वाघमोडे खुर्ची मागे ढकलून उठले. "लावा, लावा तो दिवा आधी. बघवत नाही हे."

असं म्हणाले बघा. मासे तडफडतात म्हणून पाणी बदला नाही, औषध आणा नाही. दिवा लावा. म्हणजे दिसायचं बंद. सबनीसही वायरकडे धावले, पण तेजलने तिचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. ती टाकीकडे बघत होती आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला भान नव्हतं.

"आई, काय करू?"

"ती वायर सोडू नको," सुगंधा म्हणाली. "साहेब, दिवा लागणार नाय. गोडं पाणी आणा. पिंप, घमेली, मिळंल ते आणा. आत्ता घेतला तर ह्यातला निम्मा तरी वाचंल."

वाघमोडेंनी पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "नळ कुठे आहे?"

कुंदा तोवर पाणी आणायला निघालीही होती. अकरा बायकांनी केंद्राचं स्वयंपाकघर रिकामं केलं, पातेली, बादल्या, चहाचं पिंपसुद्धा. सुगंधाने पदर खोचला, बाकावर चढून टाकीत दोन्ही हात घातले आणि पालथा होणारा तो मासा उचलला. हवेत येताच मासा उसळला. सगळी ताकद लावून उसळला. कल्ल्याची कड तिच्या तळहातातून सरळ फिरली आणि रक्ताची धार मनगटावर आली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"आई, हात," तेजल म्हणाली.

सुगंधाने मासा गोड्या पाण्यात सोडला, तो खाली जाऊन कल्ले हलवायला लागला हे बघितलं, आणि मग तो रक्ताळलेला हात वाघमोडेंच्या समोर धरला.

"हे लिहा तुमच्या अहवालात," ती म्हणाली, आणि दुसरा मासा काढायला वळली.